मायक्रॉनमामांची तांब्याची नळी

मायक्रॉनमामांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. पॉलिश झालेल्या जॉबवरून, म्हणजे घडवलेल्या भागावरून, ते डोळे मिटून बोट फिरवत आणि एखाद्या मायक्रॉनचीही खरखर लागली तर तोंड वाकडं करत. मग महागडं मशीन कितीही 'ओके' म्हणो, जॉब परत. महाळुंग्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी तपासणीला होते, पण ते कागदोपत्री. खरी तपासणी मामांचं बोट करायचं, मी फक्त सही करायचे.

एकदा तांब्याच्या चौकोनी नळीचं काम आलं. लांबच्या अंतराळयानांना जमिनीवरून आज्ञा पाठवणारा जो भलामोठा ट्रान्समीटर असतो, त्याची ताकद या नळीतून डिशकडे जाते. नळी आतून आरशासारखी हवी. मामा निवृत्तीला आले होते. हा त्यांचा शेवटचा जॉब. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवायचे, "यान लई लांब हाय. आपल्या नळीत हाक अडखळली, तर त्ये बिचारं कुणाकडं बघंल?"

नळी झाली आणि खंडेनवमी आली. मशीन, पाने, व्हर्निअर, सगळ्यांना हळदकुंकू. मामांनी नळीलाही लावलं. बाहेरून लावलं असतं तर ठीक होतं. पण महिनाभर जीव ओतला होता तो आतल्या बाजूवर, म्हणून ओलं कुंकू थेट आत!

दसऱ्यानंतर ग्राहकाचे इंजिनिअर आले. मी टॉर्च मारला, तर आत लाल डाग, पुसूनही जाईना. तेवढ्यानेही पूर्ण ताकद सोडल्यावर आत ठिणग्या पडल्या असत्या, आणि पुन्हा पॉलिश करावं तर माप जाणार. मालक ओरडले, "कुणी केलं हे?" तसं पाहिलं तर खंडेनवमीला कुंकू सगळ्यांच्याच बोटांना होतं.

मामा पुढे आले. "म्या केलं. रिजेक्ट लिव, पोरी."

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"लिव गं. यानाला देवधर्म कळत न्हाई."

मी सही केली. मला रडू येत होतं आणि मामा इंजिनिअरसाहेबांना प्रसादाचं खोबरं खाण्याचा आग्रह करत होते.

निवृत्तीनंतरही ते रोज आले आणि नवी नळी करूनच थांबले. मालकांनी नको म्हणून पाहिलं, पण ऐकतंय कोण! नळी रवाना झाली तेव्हा टेम्पोमागे फाटकापर्यंत ड्रायव्हरला खड्डे सांगत गेले.

गेल्या वर्षी मामा गेले. मला मात्र तो फोन आठवतो. नवी नळी बसवून यानाला पहिली आज्ञा पाठवून झाल्याचं इंजिनिअरसाहेबांनी कळवलं, तेव्हा मी लगेच मामांना फोन लावला.

"मामा, तुमच्या नळीतून हाक गेली. यानाचं उत्तर आलं!"

"कितव्या हाकेला?"

"पहिल्याच."

"अगं ए," ते आत मामींना ओरडले, "पहिल्याच हाकेला ओ दिली त्येनं!"

आणि मामा हुंदके देऊन रडायला लागले. फोन ठेवायचं त्यांना सुचलं नाही. मीही ठेवला नाही.