हाक न मारणारं दुकान

बापूंनी आपल्या गिऱ्हाइकाला कधी 'या' म्हटलं नाही. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर त्यांचं मर्तिकाच्या सामानाचं दुकान होतं. बांबू, कामट्या, सुतळी, मडकी, पांढरं कापड, गुलाल, तुळशीच्या माळा, सगळं एका पत्र्याखाली. कुणी पायरीशी येऊन उभं राहिलं की बापू दोनच प्रश्न विचारायचे. "बाई का गडी?" आणि "उंची किती?" नाव नाही, गाव नाही, काय झालं होतं हे तर मुळीच नाही. सामान बांधून हातात दिलं की पाठ फिरवायचे आणि माणूस रस्त्यापलीकडे जाईपर्यंत वळून बघायचे नाहीत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच वडिलांचं सामान न्यायला गेले तेव्हा. भाऊ पुण्याहून निघालेला, घरात जाणतं कुणी नाही, आणि मी दुकानासमोर नुसती उभी. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला देता येईनात. बापूंनी दुकान लेकीवर सोपवलं, बांबू खांद्यावर घेतले आणि माझ्या मागोमाग घरी आले. तिरडी बांधली, भाऊ पोचल्यावर त्याला मडकं कसं धरायचं ते दाखवलं आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेले. पंधरा दिवसांनी मी आभार मानायला गेले. निघताना सवयीनं 'येते हं बापू' म्हणाले, तर त्यांनी तोंडच फिरवलं. मला राग आला. मग त्यांची लेक सुमन मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "आमच्या दुकानातनं जाताना 'येते' म्हनू ने, ताई. बापूंला सोसत न्हाई."

बापू मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. एका दुष्काळात बांबूकामाला म्हणून मिरजेत आले ते इथंच राहिले, पण बोली तिकडचीच ठेवली. उंच, वाळलेले, खांद्यावर पंचा, बोटांत कायम एखादं कुसळ. माणूस मुळात गमत्या होता. चहाच्या टपरीवर त्यांच्या नकला ऐकायला गर्दी व्हायची. पण लग्नाला, बारशाला कधी गेले नाहीत. पत्रिका आली की सुमनला पाठवायचे आणि म्हणायचे, "माझं त्वांड बघून नवरीच्या आईचा घास आडकाय नको." सुमन नवऱ्यानं टाकलेली. तिच्या हाताला कामट्या चिरायची सवय बापूंनीच लावली होती. आपल्या माघारी हे दुकान हिला पोसेल, एवढाच त्यांचा हिशोब होता.

पुढं मी त्याच दुकानावरची खोली भाड्यानं घेतली आणि 'डिजिटल मार्केटिंग'ची पाटी लावली. बापूंनी पाटी वाचली आणि विचारलं, म्हंजी करती काय तू? मी म्हटलं, लोकांच्या दुकानांना मोबाइलवरून गिऱ्हाईक आणून देते. त्यांनी मान हलवली. "माझ्याकडं नगं आनू बाई," म्हणाले आणि स्वतःच हसले. साडीवाले, मिठाईवाले, दातांचे एक डॉक्टर अशी माझी गिऱ्हाइकं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या दुकानांतर्फे गोड गोड लिहीत बसायची, आणि खालून कामट्या चिरल्याचा आवाज यायचा.

मग शहरात एक नवी सेवा सुरू झाली. एक फोन करा, गाडीसकट सगळं दारात. दवाखान्याच्या पायरीवर उभा असलेला माणूस मोबाइलमध्ये शोधायचा, त्याला तीच दिसायची. समोर पन्नास पावलांवर बापूंचं दुकान असायचं, ते दिसायचं नाही. आठ-आठ दिवस मडकी तशीच. एका दुपारी सुमन जिना चढून वर आली आणि म्हणाली, ताई, बापूंचं आता वय झालं. दुकान बसलं तर मी कुठं जाऊ? आमचं बी काय तरी कर.

बापूंना पटवायला मला महिना लागला. शेवटी त्यांनी एक अट घातली. ती मी त्या वेळी म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून कानाआड केली, आणि आता मला ती झोपेतसुद्धा ऐकू येते. ते म्हणाले, "दुकान दिसावं. पर दुकानानं हाक मारू ने. साडीवाल्यानं मारावी, मिठाईवाल्यानं मारावी. आपून न्हाई."

मी दुकान मोबाइलच्या नकाशावर चढवलं. खूण नीट दिली, फोन नंबर दिला, दुकान किती वाजता उघडतं तेही. एवढंच. आणि तेवढ्यानं काम झालं. लोक फोन हातात धरून रस्त्यानं शोधत येऊ लागले. दुकान पुन्हा चालायला लागलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मला कुठं थांबवतंय! धंद्यात पुढची पायरी म्हणून एक असते, ती मी सगळ्यांना शिकवत होते. गिऱ्हाइकाचं नाव घ्या, नंबर घ्या, त्याला आपला विसर पडू देऊ नका. बापू नेमकं उलटं म्हणायचे. "काम झालं की मानसानं आपल्याला इसरावं. इसरला म्हंजी सावरला." मी ते हसण्यावारी नेलं आणि सुमनला हळूच सांगितलं, तू आपली नावं-पत्ते-नंबर टिपून ठेव, कधीतरी उपयोगी पडतील. बापू कापड मोजायला आत गेले की ती टिपायची.

दिवाळीत मी सगळ्या दुकानांचे शुभेच्छांचे मेसेज एकदम पाठवायची. त्याची एक तयार सोय मोबाइलवर मिळते. मजकूर एकदा लिहायचा, याद्या निवडायच्या, वर गिऱ्हाइकाचं नाव आणि खाली दुकानाचं नाव आपोआप पडतं. मजकूर मिठाईवाल्यासाठी लिहिलेला. घाईत मी सगळ्याच याद्यांवर खूण केली. सुमनची यादीही त्यात होती, आणि ती मीच चढवलेली होती. नरक चतुर्दशीच्या सकाळी बापूंच्या दुकानाच्या नावानं दीडेकशे घरांत मेसेज गेला. नमस्कार अमुक अमुक, आमच्याकडे खरेदी केल्याबद्दल आभार. घरात असाच आनंद नांदो. आप्तेष्टांनाही आमचं नाव सांगा. तुमच्या पुढच्या ऑर्डरची आम्ही वाट पाहतोय. खाली दोन पणत्या.

मी तो मजकूर एकदा जरी मोठ्यानं वाचला असता ना! पण नाही वाचला.

दुपारपर्यंत तो मेसेज जिल्हाभरच्या ग्रुपांवर फिरला. लोक हसत होते. माझ्या मावसभावानंही मला तो पाठवला, खाली लिहिलं होतं, बघ तुझ्या मिरजेची प्रगती. मी धावत जिना उतरायला लागले आणि मधल्याच पायरीवर थांबले, कारण दुकानासमोर एक म्हातारा उभा होता. धोतर, डोक्याला टापशी, हातात मोबाइल. सांगलीच्या पुढच्या एका गावचे दादा. उन्हाळ्यात यांचा मुलगा गेला होता तेव्हा सामान इथूनच नेलं होतं, आणि आता नातू तापानं समोरच्याच दवाखान्यात पडून होता, काचेच्या खोलीत. दादांनी आवाज चढवला नाही. मोबाइल बापूंच्या पुढं धरला आणि विचारलं, "पुढची आर्डर कुनाची म्हनतायसा?"

बापूंना लिहिलेलं वाचता यायचं. त्यांनी वाचलं. मग खाली बसले आणि दादांच्या पायांवर डोकं ठेवलं. चूक कुणाची, कशी झाली, एक अक्षर बोलले नाहीत. डोकं वर काढलं तेव्हा त्यांना मी पायरीवर दिसले. माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. आत सुमन भिंतीला टेकून उभी होती. मी दोन पायऱ्या उतरून 'दादा, हे मी केलं' एवढंच म्हणायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली. खरं सांगायचं तर जीभ चिकटली वगैरे काही नाही. साडीवाल्याला कळलं, दातांच्या डॉक्टरांना कळलं, तर माझी पाटी उतरेल, हा विचार मला तेवढ्यातही सुचला.

नातू भाऊबिजेला गेला. ताप मेसेजनं वाढला नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बापूंनाही कळत होतं. तरी ते दिवसभर कोऱ्या मडक्यांकडे बघत बसले, आणि संध्याकाळी मला म्हणाले, "दुकानानं हाक मारली गं पोरी." दादांच्या घरच्यांनी सामान त्या गाडीवाल्यांकडून नेलं.

दिवाळी सरल्यावर बापूंनी सुमनकडून यादी मागून घेतली. कुणाच्या सणात आपलं तोंड नको म्हणून तोवर थांबले होते. मग रोज दुपारी माझ्या स्कूटरवर मागं बसायचे आणि आम्ही एकेक घर गाठायचो. दारात जायचे नाहीत. रस्त्यावर उभे राहायचे, हाक मारायचे नाहीत, कुणी आपणहून बाहेर आलं तर हात जोडायचे. कुणी पाणी विचारलं, कुणी शिव्या दिल्या, एका बाईनं नुसतंच दार लावून घेतलं. मी स्कूटर धरून उभी. पहिल्या दिवशी मी म्हटलं, बापू, मी सांगते ना लोकांना की माझ्या हातनं झालं. ते म्हणाले, "तुला सांगायचं आसंल तवा सांग. मी सांग म्हननार न्हाई, आन् सांगू नगं बी म्हननार न्हाई." मला त्यात सुटका दिसली. मी गप्प राहिले.

दादांच्या गावी आम्ही दर सोमवारी जायचो. बापू त्यांच्या घरासमोरच्या लिंबाखाली अर्धा तास उभे राहायचे. दार उघडं असायचं, आत माणसं वावरताना दिसायची, बाहेर कुणी यायचं नाही. नऊ सोमवार आम्ही गेलो. दहाव्याला बापूंना जिन्याजवळ चक्कर आली, आणि समोरच्याच दवाखान्यात चौथ्या दिवशी ते गेले. आदल्या दिवशी त्यांनी मला यादी पुसायला सांगितली होती. त्यांच्या देखत मी मोबाइलमधली नावं काढून टाकली, आणि वहीतली पानं सुमननं फाडली. ते सगळं होईस्तोवर डोळे उघडे ठेवून बघत होते.

तिरडी सुमननं बांधली. कुणाला हात लावू दिला नाही. माणसं फार नव्हती, कारण दुकान त्या दिवाळीपासूनच बसलं होतं आणि दुकानाबरोबर बापूंचं नावही. उचलायच्या आधी माझं रस्त्यापलीकडे लक्ष गेलं. दादा उभे होते. दारात नाही, रस्त्यावर, बापू उभे राहायचे तसे. मी पलीकडे गेले आणि मग मात्र सगळं सांगितलं, यादी, मजकूर, खूण, पायरी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, सोमवारचे उभे दिसायचे ते मला. बाहेर येऊन बोलायचं बळ न्हाई झालं. आन् तुझ्या तोंडावर सगळं लिवलेलं हुतं.

मग म्हणाले, "आता मला सांगून काय उपेग? तो जिता हुता तवा सांगायचं हुतंस." एवढं बोलून ते स्टँडकडे चालू लागले. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले, कारण बघवत नव्हतं.

तेराव्यानंतर मी ज्या ज्या ग्रुपांवर तो मेसेज फिरला होता तिथं खरं काय ते लिहून टाकलं, माझ्या नावानिशी, माझ्या पाटीच्या फोटोसकट. म्हटलं, उतरली पाटी तर उतरली. नाही उतरली. माझं आजवरचं कुठलंच काम इतकं चाललं नव्हतं. शेकडो अंगठे आले, हात जोडलेल्या बाहुल्या आल्या, फार सुंदर लिहिलंत ताई असं कळवलं लोकांनी. दोन दिवसांत इचलकरंजीच्या एका कापडवाल्याचा फोन आला, आमचंही काम घ्याल का म्हणून. मी खाली गेले. सुमन पायरीवर बसून कामट्या चिरत होती. आठ दिवसांत कुणी आलं नाही, म्हणाली.