नरहरी चुरीची पांढरी रेघ

चिंचणी सोडून बोईसरकडे निघालं की डाव्या हाताला नरहरी चुरीचं गॅरेज लागतं. पाटी नाही. कधी लावलीच नाही. 'गाडी बिघडली की माणसाला वाट आपोआप सापडते,' असं नरहरी म्हणतो. त्यात थोडा माज आहे हे त्यालाही ठाऊक आहे, पण तो माज त्याने कमावलेला होता. जुन्या गाडीचं टायमिंग लावावं तर नरहरीनेच, असं सातपाटीपासून वाणगावपर्यंत लोक म्हणायचे.

टायमिंग म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी, ती वेळ. उशिरा पडली तर गाडी मरगळते. फार लवकर पडली तर इंजिन आतून ठोकायला लागतं, पत्र्याच्या डब्यात चार खडे हलवावेत तसा बारीक, कडक आवाज येतो, आणि तो तसाच येऊ दिला तर एक दिवस पिस्टनची वाट लागते. जुन्या गाड्यांत ही वेळ डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वीज वाटून देणारा इंजिनावरचा भाग, हाताने फिरवून लावतात. नरहरी तो फिरवायचा, गाडी रस्त्यावर पळवायचा, ठोका कानावर आला की परत येऊन केसभर मागे घ्यायचा. मग बोल्ट आवळून वर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायचा, अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी इंजिनावर. ती त्याची सही. लोक बॉनेट उघडून ती रेघ एकमेकांना दाखवायचे.

गॅरेजच्या आधी एकोणीस वर्षं तो तारापूरच्या एमआयडीसीत, तार ओढायच्या कारखान्यात होता. कानात घालायचे बोळे कारखान्यात फुकट मिळायचे. नरहरीचे खिशात राहायचे. बोळे घातले की मशीनचा सूर कळत नाही, असं त्याचं म्हणणं. सुपरवायझरही मान डोलवायचा, कारण मशीन बिघडण्याआधी नरहरीला कळायचं.

दोन वर्षांपूर्वी सातपाटीचा धीरज मेहेर क्लचच्या कामाला गाडी घेऊन आला. धीरज बोईसरला नोकरी करतो, आणि वडिलांची सीएनजी बसवलेली जुनी गाडी अजून जिवापाड जपतो. नरहरीने बॉनेट उघडलं आणि त्याचं पित्त खवळलं. पांढरी रेघ जुळत नव्हती. वरचा तुकडा उशिराच्या बाजूला सरकला होता.

"कोणी हात लावला रे?"

"कोणी नाय, काका. आपोआप सरकला असंल."

आवळलेला डिस्ट्रिब्युटर आपोआप सरकत नाही, हे धीरजलाही माहीत होतं. नरहरीने तो पुन्हा आपल्या रेघेवर आणला आणि बोईसरच्या यच्चयावत मेकॅनिकांचा उद्धार केला. पुढच्या महिन्यात वाणगावची एक गाडी आली, तिचीही रेघ सरकलेली. मग तिसरी. तिन्ही उशिराच्याच बाजूला, जवळजवळ सारख्याच. कोणी खोडसाळपणा केला असता तर एखादी तरी उलटी फिरली असती. तिघांना तीच दुरुस्ती करावीशी वाटली, म्हणजे चूक दुरुस्त करणाऱ्याची नव्हे. इथे नरहरीच्या मनात पाल चुकचुकली. त्याच आठवड्यात घरी डाळ करपली होती. हंसाने, त्याच्या बायकोने, तीन शिट्ट्यांनी गॅस बंद करायला सांगितलं होतं. नरहरी शेजारीच पेपर वाचत बसला होता, आणि त्याने एकही शिट्टी ऐकली नव्हती.

स्पेअर पार्ट आणायला जातो म्हणून तो पालघरला गेला आणि कानाच्या डॉक्टरांकडे बसला. डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेषा निम्म्यापर्यंत बरी, पुढे विहिरीत पडावी तशी खाली. "बोलणं ऐकू येईल तुम्हाला," डॉक्टर म्हणाले, "पण बारीक, तीक्ष्ण आवाज जवळजवळ गेलेत." त्यांनी कानात घालायचं यंत्र सुचवलं. नरहरी बघू म्हणाला. कानात यंत्र घातलेल्या मेकॅनिककडे टायमिंग लावायला कोण येणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात त्याने ताकास तूर लागू दिली नाही. टायमिंगची कामं मात्र त्या दिवसापासून बंद केली. हात मोकळा नाय, पुढच्या महिन्यात ये, असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवायचं आणि पंक्चर, ऑईल, ब्रेक करत बसायचं. ठोका ऐकू येत नसेल तर आपल्यात आणि हवा भरणाऱ्यात फरक काय, हे त्याला आतून कुरतडत होतं. गॅरेजला कुलूप लावावं इथपर्यंत त्याची मजल गेली.

त्याची मुलगी जागृती एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. ती वर्षभर त्याच्या मागे लागली होती. नरहरीच्या स्वतःच्या नव्व्याण्णव सालच्या पांढऱ्या गाडीत इंजिनाचा मूळ कॉम्प्युटर होता, पण तो बंद डबा, त्यात आपलं काही चालत नाही. त्याच्या जागी लॅपटॉप जोडता येईल असा नवा कॉम्प्युटर बसवायचा, असं तिचं म्हणणं. डिस्ट्रिब्युटर एकदा पक्का करून टाकायचा. मग कुठल्या वेगाला, किती भाराला ठिणगी कधी पडावी याचा तक्ताच समोर उघडतो. पेट्रोलचा वेगळा, सीएनजीचा वेगळा. इंजिनावर एक सेन्सर बोल्टने बसवला की ठोके पडद्यावर आकड्यात दिसतात. यावर नरहरी आजवर एकच उत्तर देत आला होता: "इंजिनाला विचारायचं सोडून डब्याला विचारू?"

एका रविवारी चहा पिता पिता तो म्हणाला, "आण तो तुझा डबा."

जागृतीला इतका आनंद झाला की तिने कारणच विचारलं नाही. आपण मागे लागलो म्हणून बाबा वळले, असं तिला वाटलं. दोन रविवार दोघं गाडीत अर्धे आत, अर्धे बाहेर होते. ती वायरी ओळखून चिठ्ठ्या चिकटवत होती, तो जोडत होता. शेवटी ठोक्याच्या सेन्सरचा प्लग राहिला. तो इंजिनाच्या मागे, हात जेमतेम पोचेल अशा जागी.

"टिक वाजेपर्यंत दाबा, बाबा."

"वाजली," नरहरी म्हणाला. दाबलं म्हणजे वाजली असणार.

वाणगावच्या रस्त्याला वर्दळ कमी. नरहरी गाडी चालवत होता, जागृती शेजारी लॅपटॉप घेऊन. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबायचा, पडद्यावर ठोके शून्य दिसले की तक्त्यात ठिणगी एक अंश अलीकडे, म्हणजे लवकर, आणायची, पुन्हा पाय दाबायचा. एक अंश, दोन अंश. गाडी जोरात ओढायला लागली. नरहरी खूश होता. किती महिन्यांनी तो टायमिंग लावत होता.

"आकडा?"

"शून्य. पण बाबा..."

"अजून दोन दे."

तिने दिले. त्याने पाय दाबला आणि जागृतीने एकदम डॅशबोर्ड धरला. इंजिन ठोकत होतं. तिला कळायला मेकॅनिक असण्याची गरज नव्हती, रस्त्याकडेला गवत कापणाऱ्या बाईनेही मान वर केली.

"बाबा, सोडा! ठोकतंय!"

"कुठं? आकडा बघ. शून्य हाय ना? स्वच्छ चाललेय."

तिने हात लांब करून किल्ली मागे फिरवली. गाडी घरंगळत कडेला गेली. नरहरी तिच्यावर ओरडणार होता, पण ती त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती ते पाहून थांबला. ती उतरली, बॉनेट उघडलं, मागे हात घातला. प्लग अर्धाच बसला होता. तिने तो दाबला.

"टिक वाजली. ऐकली?"

नरहरीने मान हलवली. नाही.

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी. जास्तच असंल."

"आणि सांगितलं नाय?"

"काय सांगू? मना ऐकू येत नाय म्हणून मी आता कोण नाय, असं सांगू?"

जागृतीला रडू आलं आणि रागही आला, आणि राग आधी बाहेर पडला. इंजिन फुटलं असतं, एवढंच ती तीनदा म्हणाली. मग नाक पुसून पुन्हा लॅपटॉप घेऊन बसली. या वेळी आकडा शून्यावर राहिना. ती वाचून दाखवू लागली, तो सांगेल तसं मागे घेऊ लागली. कुठे एक अंश, कुठे अर्धा, हे नरहरीला तिच्याहून चांगलं कळत होतं. ऐकणं गेलं होतं, अक्कल नाही. चार वाजेपर्यंत गाडी अशी लागली की तिने तक्ता दोन ठिकाणी सेव्ह करून ठेवला.

रात्रीच्या जेवणाआधी हंसाला सांगणं भाग होतं, जागृतीने तशी अटच घातली होती. हंसाने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे दोन वर्षं मी भांडले ती भिंतीशी?" एवढंच ती म्हणाली आणि डाळीला फोडणी द्यायला गेली. नरहरीने एकच मागितलं: गिऱ्हाइकाला कळता कामा नये.

महिन्याभरात धीरजने तसाच कॉम्प्युटर आपल्या गाडीला बसवून मागितला. जागृतीने वायरी जोडून दिल्या. टायमिंगच्या दिवशी तिची ड्युटी होती, म्हणून लॅपटॉप धीरजच्या मांडीवर आला. नरहरीने त्याला कोपऱ्यातला आकडा दाखवला. "हा शून्य राहिला पायजे. वर गेला की इंजिन ठोकतंय असं समज. आणि कानानेपण ऐक."

पहिल्या तीन फेऱ्या बऱ्या गेल्या. चौथ्या फेरीत नरहरीने पाय दाबला. "आवाज हाय काय रे?"

"नाय, काका. एकदम मस्त."

नरहरीने पडद्याकडे पाहिलं. आकडा दिसेना. धीरजचा तळवा लॅपटॉपच्या नेमक्या त्याच कोपऱ्यावर पसरलेला होता, आणि तो समोर रस्त्याकडे बघत होता.

नरहरीने गाडी कडेला घेतली. "हात काढ."

धीरजने हात काढला. कोपऱ्यातला आकडा लाल झाला होता.

"रेघ तूच सरकवलीस ना त्या वेळी?"

"बोईसरला नेऊन लावून घेतली," धीरज खाली मान घालून म्हणाला. "गाडी लय ठोकायची, काका."

"आणि ते वाणगाववाले? माझ्या कानाचं सगळ्यांना ठाऊक हाय?"

"हाय."

"मंग मना का नाय सांगितलं?"

"तुमाला वाईट वाटलं असतं."

"अरे मेल्यांनो!" नरहरी असा ओरडला की समोरून येणारा सायकलवाला उतरून उभा राहिला. "एखाद्याचं इंजिन फोडलं असतं मी! मी लोकांच्या गाड्या बिघडवत होतो आणि तुमी मान डोलवत होता! कान माझे गेले, पण तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

नरहरीला खरंच वाईट वाटत होतं, धीरज म्हणाला होता तेवढंच. त्याने डोळे पुसले, गाडी सुरू केली, तिसऱ्यात टाकली आणि पाय दाबला.

"वाच आकडा. जो असंल तो वाच."

धीरज पडद्यावर वाकला. "चार," तो म्हणाला.