पात्राला जेठ नसतो

मी वर्गात भूगोल शिकवत होते. शाळेचा शिपाई दाराशी येऊन उभा राहिला आणि आत न येताच म्हणाला, "बाई, घर चाला. तुमना जेठ गयात." हातातला खडू मी फळ्याच्या कडेला ठेवला, मुलींना बसा म्हटलं आणि निघाले. एसटीत कुणीतरी जागा दिली. तापीकाठचं आमचं गाव येईपर्यंत डोळ्यांत पाणी आलं नाही. गावात शिरताना मात्र हात आपोआप पदराकडे गेला. ज्यांच्यासाठी तो ओढायचा ते आता उरले नव्हते, हे हाताला कोण सांगणार!

घरात सगळे त्यांना दादाभाऊ म्हणत. माझ्या नवऱ्याचे ते थोरले भाऊ, तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. आम्ही गुजर, केळी-कापसाची शेती करणारे. आमच्यात सुनेनं जेठासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, त्यांच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. दादाभाऊ ओसरीवर आले की आधी खाकरत. घरातल्या बायकांनी पदर सावरला, की मग ते आत पाऊल टाकत. मला काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगत. त्या शेजारीच बसलेल्या मला पुन्हा तेच सांगत. परक्याला हसू येईल, पण आमचं घर याच रीतीवर नीट चाललं होतं.

माझं माहेर म्हसावदचं. मॅट्रिक होऊन सासरी आले तेव्हा पुढे शिकायची हौस मनातच ठेवली होती. ती आधी ओळखली माझ्या नवऱ्यानं. दादाभाऊंनी शब्द टाकला आणि सासऱ्यांनी, कुरकुरत का होईना, कॉलेजला जाऊ दिलं. दुसऱ्या वर्षी नवंच कोडं उभं राहिलं. विद्यार्थी कुठल्याही शाखेचा असो, त्याचं सर्वसाधारण शिक्षण पुरं व्हावं म्हणून सक्तीच्या इंग्रजीखेरीज आणखी एक इंग्रजीचा पेपर निवडावा लागे. निबंध किंवा नाटक. निबंधाचा तास संध्याकाळी, आमची शेवटची एसटी निघून गेल्यावर. नाटकाचा दुपारी. तेव्हा निवडायचं असं काही नव्हतंच. नाटक पुण्याकडचे एक प्राध्यापक शिकवणार होते, म्हणून मी निर्धास्तपणे नाव दिलं. महिनाभरात ते नोकरी सोडून गेले आणि तास दादाभाऊंकडे आला.

त्यात पुन्हा या पेपरात प्रकट वाचनाला गुण होते. प्रत्येकानं एकेका पात्राचं बोलणं उभं राहून वाचायचं. म्हणजे जेठासमोर बोलायचं, तेही इंग्रजीत, तेही भर वर्गात! सासऱ्यांना कळलं त्या दिवशी त्यांनी दादाभाऊंना ओसरीवर बोलावून घेतलं. "जेठनी म्होरे वहू तोंड उघाडी?" ते म्हणाले, "तिनं नाव काढी टाका." मी माजघरात दाराआड उभी होते. नाव काढलं की हा पेपर गेला, पेपर गेला की कॉलेज गेलं आणि एकदा सुटलेलं कॉलेज सुनेला पुन्हा मिळत नसतं, एवढं मला कळत होतं.

दादाभाऊ म्हणाले, "बाबा, नाटकमा वहू बोलस नही, पात्र बोलस. पात्रले जेठ ऱ्हास नही."

"आनि घर उनी म्हंजे?"

"घर उनी म्हंजे वहूच."

घरी आले की मी पुन्हा सूनच, एवढं ऐकून सासरे उठून शेतावर गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाही असंही पुन्हा म्हटलं नाही. आमच्याकडे याला परवानगीच समजतात.

दादाभाऊंनीही बोलल्याप्रमाणे पाळलं. ते रोज पहिल्या एसटीनं जात आणि तासाची वाट पाहत कॉलेजात बसून राहत, मला दुसऱ्या एसटीत उघड्या तोंडानं बसता यावं म्हणून. वर्गाच्या दाराशी आले की तिथेही खाकरत. मुलं त्यांना मागून 'खोकला सर' म्हणत, दम्याचं औषधही सुचवत. त्या खाकरण्याचा अर्थ साऱ्या वर्गात मला एकटीलाच माहीत होता.

माझ्या वाट्याला आली होती एका विक्षिप्त म्हाताऱ्याची घरकाम करणारी बाई. जिभेला हाड नसलेली. म्हाताऱ्याचं वाचणारा मुलगा नेमका त्या दिवशी आला नव्हता, म्हणून ते दादाभाऊंनी स्वतः वाचलं. पुढचं वाक्य माझं... आणि मला आवाजच फुटेना. दुसरा कुणी असता तर पुस्तक पुढच्या मुलाकडे देऊन मोकळा झाला असता. दादाभाऊ फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. नुसते उभे राहिले. अखेर मी वाचलं. त्या बाईनं धन्याला आळशी म्हटलं, चेंगट म्हटलं, आणि धन्यानं पाठमोरं राहून प्रत्येक शिवीला नम्रपणे उत्तर दिलं. वर्ग पोट धरून हसत होता. मला मात्र रडू येत होतं, आणि ते सुखाचं होतं.

मी पदवीधर झाले, शिक्षिका झाले. घरात आम्ही पुढेही कधी बोललो नाही. सासू-सासरे गेले, जेठाणी, म्हणजे दादाभाऊंच्या पत्नी, तर त्यांच्याही आधी गेल्या होत्या. मग नवरा शेतावर असला की निरोप सांगायलाही मधे कुणी नसे, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना सांगायचं ते भिंतीला ऐकवू लागलो.

यंदा त्यांना कावीळ झाली. अन्न सुटलं. एका दुपारी नवरा डॉक्टरांना आणायला गेला होता आणि घरात मी एकटी होते. ताटली घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मी दाराशी उभी राहिले, आणि तोंडातून निघून गेलं, "दोन घास खाई ल्या. सकायपासून पोटमा काहीच नही." हे कुठल्या पात्राचं बोलणं नव्हतं. माझी मीच घाबरले. त्यांनी हळूच कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "बोल बेटा, मी आयकी ऱ्हायनू."

मी बोलले. शाळेचं, मुलींचं, केळीच्या बागेचं, काय काय... ते ऐकत राहिले आणि मधे मधे घास घेत राहिले. त्यानंतर आठवडाभरात ते गेले.

घरी पोचले तेव्हा बायका त्यांच्याभोवती बसून हेल काढत होत्या. आमच्याकडे प्रत्येक बाई आपलं नातं घेऊन रडते. "मन्हा भाऊ रे..." नणंद म्हणत होती. चुलत आत्या "मन्हा लेक रे" म्हणत होती. मी बसले, आणि मला काय म्हणावं ते सुचेना. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हाकच मारली नव्हती. सुनेला जेठासाठी शब्दच दिलेला नसतो. तोंड उघडलं, आणि शब्द आला तो एवढाच.

"सर..."

बायकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता. त्या दिवशी तो सावर म्हणून मला कुणी सांगितलं नाही.