वाहक म्हणजे कोण

भाच्याच्या फाइलला क्रमांक मीच घातले होते. तपासण्या, गोळ्या, व्यायामाचे दिवस, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. धाकटी बहीण कर्जतला, मी मोहोपाड्याला. दर रविवारी जाऊन फाइल लावणं मी स्वतःकडे घेतलं होतं. भाच्याचे स्नायू वर्षागणिक दुबळे होत होते. नवव्या वर्षी त्याचं जिना चढणं थांबलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी एका नव्या उपचाराबद्दल सांगितलं. काम अजून प्रयोगशाळेतच आहे, हे दोनदा बजावलं. बहिणीला नीट समजावं म्हणून मी सोप्या मराठीत कागद केला:

१. स्नायूच्या पेशीत चांगलं जनुक पोचवायचं.
२. त्यासाठी वाहक लागतो.
३. काम झालं की वाहक विरघळून जातो. शरीराला त्याची गरज उरत नाही.

पुढच्या रविवारी तिने चहा दिला आणि दार लोटून घेतलं.

"ताई, मला चालेल. फक्त मला किती दिवस मिळतील, तेवढं डॉक्टरांना विचार."

मला काही कळेना. तिने फाइल उघडली. माझ्या कागदामागेच तिच्या रक्ताचा रिपोर्ट होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात 'आई – वाहक'. दोष आईकडून मुलात आला, एवढाच त्याचा अर्थ. आठवडाभर तिने दोन्ही कागद एकत्र वाचले होते आणि विरघळून जाणारा वाहक म्हणजे आपणच, असं धरलं होतं.

मी हसले. आज सांगताना लाज वाटते, पण हसले. मग समजावलं, की हा वाहक म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कण. पळसाच्या पानाच्या द्रोणासारखा; आतलं पोचवतो आणि विरून जातो.

"मग द्रोण लिहायचंस ना," ती म्हणाली आणि पेन पुढे केलं. मी माझ्या कागदावर दोन्ही ठिकाणी 'वाहक' खोडून 'द्रोण' लिहिलं.

"आणि आईच्या बहिणीनेपण तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते तुझ्या यादीत का नाय गं?"

मी ते ऐकलं होतं. मला मुलगी आहे; दोष माझ्यात निघाला तर तिच्यातही असू शकतो. डॉक्टरांचा प्रत्येक मुद्दा मी तिथेच उतरवला होता. तो एकच सोडला होता, आणि विसरून नव्हे. आमच्यात वाहक एकच असावी, आणि ती माझी बहीण असावी, असं मला हवं होतं.

मी चौथा मुद्दा लिहिला: मावशीची तपासणी.

"तारीख घाल," ती म्हणाली.

तारखेशिवाय मुद्दा धरायचा नाही, हा नियम मीच तिला शिकवला होता.