उंबऱ्यावर

सकाळी मला शिंक आली. यांची केमोथेरपी चालू आहे. घरातल्या कुणाची साधी सर्दीसुद्धा त्यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी धावत जाऊन व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणल्या.

"वहिनी, यानं सर्दी थांबत नाही हो," औषधांच्या दुकानातले काका म्हणाले.

ते मलाही ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाला काहीतरी करावंच लागतं. ती आंबट नारिंगी गोळी जिभेवर घोळवत, तोंडाला मास्क लावून मी खोलीच्या दाराशी उभी राहिले.

"अगं, जरा हात धरून बस ना," ते म्हणाले. "आज फार भीती वाटतेय."

मी उंबरा ओलांडला नाही. त्यांनी पुढे केलेला हात कितीतरी वेळ तसाच होता.