वायदंड्यांचा सोमवार

शिराळ्याच्या बाजूला पाळक असलेले नारायणराव वायदंडे सोमवारी घराचं दार लावून घेतात, हे मला चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात कळलं आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

आमच्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांची वार्षिक सभा तेव्हा सांगलीला भरली होती. मांडवामागे आम्ही बायका तांदूळ निवडत होतो. नारायणरावांच्या पत्नी गोदावरीबाई शेजारीच होत्या. सहज बोलता बोलता त्या म्हणाल्या, "सोमवारी हे परसातल्या माळव्याला पाणी घालतात, दुपारी झोपतात. मग आम्ही दोघं अंगणात बोलत बसतो. कुणी आलंच, तर मंडळीचे पंच आहेत की."

"आणि कुणी अत्यवस्थ असलं तर?"

"बोलावलं तर जातात," त्या म्हणाल्या आणि सुपातला खडा काढून टाकला.

माझ्या यजमानांशी अंगणात बसून मी शेवटची कधी बोलले होते, तेच मला आठवेना.

माझे यजमान, अनंतराव पाटोळे, वाळव्याच्या बाजूला पाळक होते. एक मोठी मंडळी आणि भोवतालची आठ गावं त्यांच्याकडे. आठही गावं पायी. उपासना, बाप्तिस्मे, लग्नं, मयती हे तर पाळकाचं कामच. पण लढाई सुरू झाली, आमची पोरं फौजेत गेली आणि ब्रह्मदेशातून, इजिप्तमधून पत्रं यायला लागली. ती वाचून दाखवायची ह्यांनी, उत्तरं लिहायची ह्यांनी. हिवतापाचं कोयनेल आणायचं ह्यांनी. भावाभावांत बांधावरून जुंपली, सोडवायला हे. रॉकेलचं कार्ड हरवलं, तलाठ्याकडे हे.

एवढं करून कुणी खूश असेल तर शपथ. ह्यांनी सुलाबाईंच्या घरी आठवड्यात दोनदा पाय ठेवला की समोरच्या धोंडुबाई रुसत. "आवं, आमच्या दारात काय काटं पसरल्यात व्हय?" असं भर रस्त्यात विचारत. एकदा भाद्रपदात अंगात ताप असताना हे उपासनेला उभे राहिले, खांबाला धरून. संध्याकाळी पंचांपैकी बाळासो घरी आले. मला वाटलं, तब्येत विचारायला आले. ते म्हणाले, "पाळकसायेब, आजचा उपदेश लय आखूड झाला. लोक नाराज हायेत."

हे म्हणाले, "पुढच्या रविवारी भरून काढीन."

मी आतून ऐकत होते. हातातलं उलथनं फेकावंसं वाटलं.

आणि तरीही, खरं सांगते, ह्यांना त्या ओझ्याचा अभिमानही होता. आठ गावांचा पाळक आजारी पडत नाही, नाही म्हणत नाही, असं लोक म्हणत तेव्हा ह्यांचा चेहरा खुले. म्हणून सांगलीहून परतताना मी नारायणरावांच्या सोमवाराचं बोलले, तेव्हा हे चालता चालता थांबले.

"नारायण? तो दार लावतो?"

दोघं धर्मशिक्षणाच्या शाळेत एका खोलीत राहिलेले. हे वर्गात पहिले, नारायणराव कसेबसे पास. गावोगाव हिंडून ह्यांच्या पायांना भेगा पडल्या, आणि तो दुपारी झोपतो. झोपतो तो झोपतो, वर त्याची मंडळी वाढते. त्या वर्षी त्यांच्याकडे अकरा बाप्तिस्मे झाले, आमच्याकडे तीन. तिकडच्या धनगरांनी त्यांना नवं घोंगडं दिल्याचं कळलं, त्या दिवशी हे भाकरी अर्धी टाकून उठले. शिराळ्याहून कुणी आलं की हे अगदी साळसूदपणे विचारत, "काय, आमचे नारायणराव बरे आहेत ना?" आणि बरे आहेत असं उत्तर आलं की ह्यांचा चेहरा उतरे. मी हसत नव्हते त्याला. मीही तेच विचारत होते, फक्त गोदावरीबाईंबद्दल.

दिवाळीनंतर बातमी आली. त्यांच्या मंडळीतली शालूबाई नावाची म्हातारी सोमवारी वारली आणि पाळक तिच्याजवळ नव्हते.

हे त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी भरपेट जेवले. मग दौत काढली. "सभेला कळवायला हवं. माझा काही स्वार्थ नाही. मंडळीच्या भल्यासाठी." कच्चा मजकूर त्यांनी लिहिला; पक्का मी केला, कारण माझं अक्षर चांगलं, शाळेत मी मुलींना कित्ता घालून देत असे. नक्कल करता करता मी माझं एक वाक्य घातलं: 'सोमवारी पाळकांचे घराचे दार बंद असते, हे खुद्द त्यांचे कुटुंबाचे तोंडून समजले.' बोलावलं तर जातात, असंही त्या म्हणाल्या होत्या. ते मी घातलं नाही. ह्यांनी वाक्य वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली सही केली.

अर्ज सभेच्या चिटणिसांकडे गेला. महिन्याभराने उत्तर आलं, ते ह्यांनी माझ्या हातात ठेवलं. चौकशीला जायचं होतं ह्यांनीच. 'आपण जवळचे, जुने स्नेही, तरी सपत्नीक जाऊन स्त्रियांचेही म्हणणे घ्यावे.'

माघात आम्ही निघालो. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची.

नारायणराव फाट्यावर घ्यायला आले होते. "अन्या!" म्हणून त्यांनी ह्यांना मिठी मारली. त्यांच्या तोंडावर झोप झालेल्या माणसाची टवटवी होती, आणि ती पाहून, चौकशीला आलेली असूनही, मला पुन्हा तोच मत्सर वाटला.

आधी आम्ही शालूबाईच्या घरी गेलो. तिचा मुलगा अर्जुना गोठ्यात होता. हात पुसत बाहेर आला.

"तुझी आई गेली तेव्हा पाळक नव्हते, खरं का?" ह्यांनी विचारलं.

"व्हय. पर मंडळी हुती की. बिराप्पानं वचनं वाचली, मनुबाईनं गाणी म्हटली. आईला ती गाणी लय आवडायची. रविवारी पाळक दीसभर उशाशी बसलं हुतं. आईच म्हणली, 'लेकरू दमलंय, उद्या त्याला बोलवू नगा.'" मग तो थोडा घुटमळला. "तक्रार कुणी केली वो? आमी तर केली न्हाई."

ह्यांनी कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. कागद कोराच होता, मी पाहिलं.

चार घरं आम्ही फिरलो. एकाच्या गळू आलेल्या पायाला दुसराच पट्टी बांधत होता. पत्रं वाचायचं काम चौथी शिकलेल्या एका विधवेकडे होतं. पाळक काय काय करत नाहीत, हे लोक मोकळेपणाने सांगत होते, आणि त्यात कुणाची कुरकूर नव्हती. आमच्याकडे सगळं करणाऱ्याला जी माया मिळत नव्हती ती इथे थोडं करणाऱ्याला मिळत होती. ह्यांच्या कानशिलाची शीर उडताना दिसत होती.

दुपारी गोदावरीबाईंनी मला चुलीपाशी बसवलं. वाढता वाढता म्हणाल्या, "सभेने आम्हाला मूळ अर्जच पाठवला, खालची सही तेवढी कापून, चारुशीलाबाई. नाताळाला तुमचं पत्र येतं ना दरवर्षी? तुमचा 'ळ' मी कुठेही ओळखीन."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"ह्यांना सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सांगणारही नाही. पण तुम्हाला सोमवार कुठून आला ते ऐकायला हवं."

आठ वर्षांपूर्वी, उंब्रजकडे असताना, नारायणराव एका रविवारी बोलायला उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटला नाही. लोक वाट पाहत राहिले. ते तसेच खाली उतरले, घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तीन महिने कुणाशी बोलले नाहीत. बायकोशीसुद्धा. त्याआधी सात वर्षं त्यांनी एकाही माणसाला नाही म्हटलं नव्हतं. लोकांना सांगितलं, घसा बसला आहे. डॉक्टर म्हणाले होते, हा माणूस आठवड्यातून एक दिवस तुमचा ठेवा, नाहीतर सातही दिवस कुणाचाच राहणार नाही.

"तुम्हाला वाटलं आम्ही चैन करतो," गोदावरीबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. ताक वाढलं आणि उठल्या.

हे ह्यांना सांगावं म्हणून मी उठले. परसात वांग्यांच्या वाफ्याशी दोघं उभे होते. मी दारापर्यंत गेले तर हे बोलत होते, "नारायण, अर्ज माझा आहे. मला तुझं बघवत नव्हतं."

नारायणरावांनी झाडावरची एक कीड वेचून टाकली. मग म्हणाले, "विश्रांती हवी होती तर घ्यायची होतीस, गड्या. माझी काढून घ्यायला का निघालास?"

"घेता येत नाही. लोक सोडत नाहीत."

"लोक? वर्गात सुद्धा माझी टिपणं तूच लिहून काढायचास. मी सांगितलं नव्हतं तुला." ते हसले नाहीत. "रागावलो आहे मी, अन्या. आज मुक्काम करू नकोस. चारची मोटार आहे."

आम्ही चारच्या मोटारीने परतलो.

ह्यांनी अहवालात सगळं खरं लिहिलं: तक्रार निराधार, तक्रारदार मी, कारण मत्सर. त्या शेवटच्या शब्दावर चिटणिसांनी म्हणे दोनदा चष्मा पुसला. सभेने ह्यांना समज दिली. माझ्या वाक्याचं ह्यांनी कुठेच काही लिहिलं नाही. मी गोदावरीबाईंना स्वतः पत्र घालून माफी मागितली. उत्तर आलं, दोन ओळींचं, सभ्य.

पुढच्या रविवारी हे मंडळीसमोर उभे राहिले आणि उपदेशाऐवजी म्हणाले, "माझ्याने एवढं होत नाही. आठ गावं मी महिन्यातून एकदा करीन. पत्रं दुसऱ्या कुणी वाचावीत. गुरुवारी मी घरी असेन, पण कुणासाठी नाही. मरणाचं बोलावणं आलं तर येईन."

बाळासो उठून उभे राहिले. "आमी पाळक मागितला हुता, पावणा न्हाई!"

"मग पाळक टिकवा," मागून सुलाबाई म्हणाल्या.

वाद दोन महिने चालला. दोन घरं मंडळी सोडून गेली. त्यातलं एक परत आलं, एक नाही. धोंडुबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पहिल्या गुरुवारी काय करायचं हेच आम्हाला कळेना. हे सकाळी नऊला निजले ते चारला उठले, आणि उठल्यावर अपराध्यासारखे म्हणाले, "कुणी आलं होतं का?" कुणी आलं नव्हतं. तेही त्यांना लागलं. हळूहळू ते अंगवळणी पडलं. ताप यायचा थांबला, खांब धरायचा थांबला. पुढे आणखी सतरा वर्षं त्यांनी तीच मंडळी सांभाळली.

नारायणराव एकोणपन्नासात साताऱ्याला बदलून गेले. जाण्यापूर्वी एकदा आमच्याकडे जेवून गेले. दोघं हवापाण्याचं, पिकाचं बोलले. पहिल्यासारखं काही झालं नाही, आणि होईल असं ह्यांनाही वाटत नव्हतं.

ह्यांचा मत्सर मात्र त्या चौकशीत संपला असं कुणी समजू नये. पत्रांचं काम शेवटी बाळासोंनीच अंगावर घेतलं होतं, रागारागाने. पण माणूस गोष्टीवेल्हाळ. बायका रडत यायच्या आणि हसत जायच्या. एके दिवशी धोंडुबाई आमच्या दारावरून फौजेतलं पाकीट घेऊन निघाल्या. हे ओट्यावर बसले होते. हौसेने म्हणाले, "आणा, मी वाचून दाखवतो."

"नगं," धोंडुबाई म्हणाल्या. "बाळासो लय ग्वाड वाचत्यात."

आणि त्या पुढे गेल्या. हे त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं आणि ओट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसले.