सूचक म्हणून माझं नाव

सभा पाण्याची होती आन पाणी मी वाटलं.

नगरपालिकेचा हॉल. लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, प्रत्येकापुढं नावाची पाटी. माझीबी होती. निवडून आल्यावरची दुसरीच सभा. मी माझ्या पाटीपुढं बसणार, तेवढ्यात चेअरमननी दाराकडं बोट केलं. तिथं पाण्याच्या बाटल्यांचं खोकं ठेवलेलं. म्हणले, "मावशी, शिपाई आज रजेवर हाय. तेवढ्या बाटल्या देता का सगळ्यांला?"

दिल्या. कुणी हातात घेतली न्हाई, पुढं ठेवा म्हणून बोटानं टेबल दाखवलं. एकानं गार न्हाई म्हणून माघारी दिली. ते आपसात साहेब, भाऊ, दादा. मी मावशी. माझ्या पाटीपाशी आले तवर खोकं रिकामं झालं. बसले तशीच.

मला राग आला का? न्हाई आला. खोटं कावून लिहू. मला वाटलं, आपल्याला काम सांगितलं, म्हंजी आपल्याला धरलं ह्यांनी आपल्यात. आसं वाटायचं तवा.

शहराचं नाव लिहीत न्हाई. बीड जिल्ह्यातलं हाय, एवढं बास. आमचं घर मूळ मेंढरामागं हिंडणारं, माहेर उमापूरच्या बाजूचं. लग्न होऊन इकडं आले. मालक गेले तवा मेंढरं गेली, दोन म्हशी ऱ्हायल्या. शहराच्या कडंला आमची वस्ती. सकाळी बरणी घेऊन मी दारोदार दूध घालायचे आन उरलेलं दूध सोसायटीत न्यायचे.

शाळा मी बघितली न्हाई. वाचायला शिकले ते लोकांच्या दारात. बाई भांडं आणायला आत गेली की मी उभीच. समोर दारावरची पाटी. आज एक अक्षर, उद्या एक. कुलकर्णी, देशमुख, शेख, ॲडव्होकेट, डॉक्टर. अख्खं वाक्य पहिलं वाचलं ते "कुत्र्यापासून सावध राहा". लई हरखले होते मी त्या दिवशी. कुत्रं भुंकत होतं आन मी तिथंच उभी राहून परत परत वाचत होते.

पाट्या संपल्या की दारात पडलेला पेपर. असं करत करत सहीबी बसवली. सही म्हंजी काय, माझं अख्खं नावच, मालकाच्या आन आडनावाच्या सकट. आधी चुलीपुढं राखेत काढायचे. मग कागदावर.

आमचा प्रभाग बायांसाठी सुटला तवा चेअरमन स्वतः वस्तीत आले. सोसायटीचे चेअरमन तेच, नगराध्यक्षबी तेच, म्हणून सगळे त्यांला चेअरमनच म्हणायचे. माझ्या ओट्यावर बसून च्या पिले. वस्तीला लई भारी वाटलं. पुढं कळलं, जाताना ते गाडीत म्हणले होते, बाई गरीब हाय, घरात पुढारपण करणारा गडी न्हाई, बसवून टाका. मला ते सांगणारानं हसत हसत सांगितलं. मीबी हसले.

पालिकेत बाया आणखीबी होत्या, पण सभेला येत नव्हत्या. त्यांचे मालक यायचे, मागच्या खुर्च्यांवर बसायचे, आन रजिस्टर सहीला घरी जायचं. मला मालक न्हाई, म्हणून मी स्वतः गेले.

आता त्या सभेचं सांगते. पाणी, टँकर, टंचाई, असं दोन तास चाललं. त्या साली पाऊस नव्हता, त्याच्या मागच्या सालीबी नव्हता. नळाला पाणी यायचं त्याचा नेम ऱ्हायला नव्हता. सगळ्या शहराच्या कडंला पाणी टिकलं होतं ते एकाच ठिकाणी, आमच्या वस्तीतल्या हापशाला. तीस-चाळीस वेळा दांडा मारला की पाणी चढायचं, घागर भरायची, मग जरा थांबायचं, परत मारायचं. दिवसभर तिथं लाईन. माणसं उभी ऱ्हात न्हाईत उन्हात, म्हणून प्रत्येकीनं आपला दगड ठेवलेला. कुणाचा काळा, कुणाचा चुन्याचं बोट लावलेला. दगड पुढं सरकला की नंबर पुढं सरकला. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा न्हाई, ही आमची रीत. भांडणं झाली, डोकी फुटायची वेळ आली, पण दगडाला कुणी हात लावला न्हाई.

सभा संपली आन हेडक्लार्क मोठं पुस्तक घेऊन आले. त्यात सभेत काय ठरलं ते लिहितात, खाली सगळ्यांच्या सह्या घेतात. मी माझं अख्खं नाव लिहिलं. क्लार्क म्हणले, "काकू, काय सुबक सही हाय तुमची. ह्या सगळ्यांपेक्षा चांगली."

मला जन्मात कुणी अक्षराचं कवतिक केलं नव्हतं.

मग ते म्हणले, पुढच्या पानावरबी करून ठेवा, हातासरशी, परत तुमाला हेलपाटा नको. पान कोरं होतं. मी केली. त्याच्या पुढच्यावरबी केली. तिसरी तर मी जरा जास्तच सावकाश, वळणदार केली. बाकीच्यांनीबी केल्या, तिथं तशीच पद्धत होती. पण त्यांला ठाऊक होतं ते काय करत्यात. मी शाबासकीला भुलले. दुसऱ्या कुणाची चूक सांगत न्हाई, ही माझी हाय.

आठ-दहा दिवस गेले. वकीलसाहेबांच्या दारात उभी होते, बाई भांडं आणायला आत गेलेली. पायाशी पेपर. त्यात माझा फोटो, निवडणुकीतला, डोक्यावर पदर घेतलेला. वर मोठ्या अक्षरात: दूध उत्पादकांसाठी नगरसेविका सरसावल्या, वस्तीतला हातपंप सोसायटीला.

मी वाचलं. परत वाचलं. मला वाटलं, माझंच वाचायचं चुकतंय. दारोदार शिकलेलं, त्याचा काय भरवसा. वकिलीणबाई भांडं घेऊन आल्या आन म्हणल्या, मावशी, मोठं मन हाय बाई तुमचं. मी दूध घातलं. माप बरोबर घातलं, एवढं ध्यानात हाय.

वस्तीत आले तर हापसा खोललेला. दांडा एकीकडं, तोटी एकीकडं, पाइपा काढून आडव्या मांडलेल्या. तीन माणसं पाने घेऊन काम करत होती. रस्त्याच्या पल्याड सोसायटीचं दूध थंड करायचं केंद्र, तिथवर चर खांदायला घेतलेला. बाया गोल उभ्या. दगड लाईनीत तसेच.

शेवंता माझ्या शेजारची. दोघींची भिंत एक. माझ्या मालकाच्या मातीला तिनं तीन दिवस माझी चूल पेटवली होती. ती म्हणली, "आक्का, तूच दिलास म्हणं हापसा?"

मी न्हाई म्हणले. तिनं काम करणाऱ्याकडं बघितलं. त्यानं खिशातनं कागद काढून दाखवला. ठरावाची नक्कल. तिला वाचता येत न्हाई. मला येत होतं. मी वाचलं आन कागद त्याला माघारी दिला. तेवढ्यावरच तिला काय कळायचं ते कळलं.

तशीच पालिकेत गेलते. क्लार्कनं पुस्तक काढलं, पान उघडलं. मी कोरं सोडलेलं पान, आता वरपासून खालपर्यंत भरलेलं. खाली माझी सही. तीच ती, वळणदार.

"सही तुमचीच हाय ना, काकू?"

"हाय."

"मग?"

मग काय. मी आतल्या दाराकडं वळले.

चेअरमन आतच होते. रागावले न्हाईत. म्हणले, दूध नासलं तर नुकसान कुणाचं, तुमचंच ना, तुमीबी घालताच की दूध. तुमचं नाव घातलं ते तुमच्या मानासाठी घातलं. बसा, च्या घ्या. आन मी च्या घेतला. हेबी लिहिते. कप बशीत ठेवला आन उठून आले.

त्यापुढचे दिवस मला नीट सांगता येत न्हाईत. हातावर झोपल्यावर हात कसा होतो, आपलाच असतो पण आपला वाटत न्हाई, तसं सगळं अंग. म्हैस पिळायचे, कळायचं न्हाई धार येती का न्हाई, आवाजावरनं कळायचं. रडूबी आलं न्हाई. लोक म्हणायचे, बघा, बाईला काय फरक पडलाय का.

वस्तीला मग टँकर यायला लागला, येईल तवा. लाईन रस्त्यावर. मी माझा दगड नेऊन ठेवला. पाणी आणायला गेले तर दगड लाईनीत न्हाई. गटाराच्या कडंला पडलेला. कुणी टाकला ते मी इचारलं न्हाई. शेवंता पलीकडं बघत होती. वस्तीत कधी कुणाच्या दगडाला हात लागला नव्हता, तो माझ्या दगडाला लागला.

मी दगड उचलला, घरी आणला, उंबऱ्याशी ठेवला. बाटल्या वाटताना जे मला कळलं न्हाई ते तिथं, दगडाकडं बघता बघता कळलं. त्यांला हापसा पाहिजे होता. तो ते कसाबी घेऊ शकत होते. पण माझ्या हातानं घेतला, म्हणजे वस्तीनं शिव्या मला द्याव्या.

पुढची सभा आली. नोटीस घरी आली, मी बोट ठेवून वाचली. पहिलाच विषय: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हॉलमधी गेले. बाटल्यांचं खोकं दारातच होतं. कुणीतरी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या पाटीपुढं जाऊन बसले. बाटल्या मग एका सदस्याच्या ड्रायव्हरनं वाटल्या. मला दिली न्हाई.

क्लार्क म्हणले, विषय एक, वाचलं असं समजून कायम. सगळे म्हणले, मंजूर, मंजूर.

मी उभी ऱ्हायले. "मी न्हाई समजत. वाचा."

चेअरमन म्हणले, मावशी, दरवेळी असंच असतं, लई वेळ जातो. मी म्हणले, तुमाला वेळ न्हाई तर मी वाचते. उठून क्लार्कपुढचं पुस्तक ओढलं. त्यांनी धरून ठेवलं न्हाई. ही म्हशीवाली काय वाचणार, असं वाटलं असंल.

वाचायला लागले. हातानं लिहिलेलं, जोडाक्षरं, पाट्यांवर नसतात असले शब्द. एकेका शब्दाला अडायचे, सोडायचे न्हाई. बोट ओळीखाली. हसायला लागले लोक. एक जण म्हणला, "मावशी, मेंढरं मोजताय काय?"

"व्हय," मी म्हणले. "मोजतीय. दुसऱ्याच्या कळपातलं एक घुसलंय ह्यात."

परत बोट ठेवलं. त्या ठरावापाशी आले. तिथं लिहिलेलं, सन्माननीय सदस्या श्रीमती, पुढं माझं अख्खं नाव, यांनी असे सुचविले की सदर हातपंपाचा वापर अल्प असल्याने तो काढून पाणी दूध शीतकरण केंद्रास द्यावे. सर्वानुमते मंजूर. ठराव मांडणाऱ्याला सूचक म्हणतात, आन सूचक म्हणून नाव माझं.

तोंडानं मावशी. कागदावर सन्माननीय. मला त्यांनी सन्मान दिला तो फक्त त्या एका ओळीत, आन ती ओळ खोटी.

मी म्हणले, "हे मी बोलले न्हाई. सही केली तवा हे पान कोरं होतं. एवढं ह्यात लिहा."

आता कुणी हसलं न्हाई. सगळ्यांच्याच सह्या होत्या कोऱ्या पानावर. चेअरमन म्हणले, विषय संपलाय, बसा. मी बसले न्हाई. पुस्तकबी सोडलं न्हाई. दोन्ही हात त्या पानावर ठेवले. जेवायची वेळ झाली, लोक उठून जाऊन जेवून आले, मी तिथंच. पाय सुजले होते. शेवटी चेअरमन क्लार्कला म्हणले, लिहून टाक बाईचं, आन मताला टाक.

क्लार्कनं लिहिलं. मी वाचलं. एक शब्द गाळला होता, 'कोरे'. मी तो घालायला लावला. मग मत घेतलं. हापसा सोसायटीलाच ऱ्हावा, सगळे हात वर. इरोधात हात एक.

हापसा परत आला न्हाई. कुणाला वाटत असंल गोष्टीत पुढं येतो, तर न्हाई आला. सोसायटीत माझ्या दुधाला त्या दिवसापासनं फॅट लागंना झाली. त्याच म्हशी, तोच चारा. मी सोसायटीत दूध घालणं बंद केलं. शेवंता बोलायला लागली, पण पहिल्यागत न्हाई. मी तिला दोष देत न्हाई. तिनं त्या उन्हाळ्यात दोन कोसावरनं पाणी आणलं.

माझी मुदत संपेपर्यंत प्रत्येक सभेला मी एक अर्ज दिला. माझ्या अक्षरात, एकाच ओळीचा: आमचा हापसा आमाला द्या. प्रत्येक वेळी नामंजूर. प्रत्येक वेळी इतिवृत्त पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायला लावलं, आन सगळ्यांच्या शेवटी, भरलेल्या पानावर सही केली. पुढच्या बारीला तिकीट मिळालं न्हाई. अर्ज मी अजून देते, नगरसेविका नसले तरी. अधिकारी बदलत्यात, त्यांला पहिल्यापासनं सांगावं लागतं. सांगते.

तो दगड अजून उंबऱ्याशी हाय.

आता वय झालंय. घरच्यांला मी एक काम सांगून ठेवलंय, शेवंतालाबी सांगितलंय. ह्या मुलखात माणूस मेलं की कुणीतरी शाईची डबी घेऊन येतं, गार पडलेल्या हाताचा अंगठा घेतं, आन मेलेलं माणूस काय काय देऊन गेलं ते मग कागदावर निघतं. तवा माझा जीव गेला की तोंडात पाणी घालायच्या आधी माझ्या दोन्ही मुठी वळा. फडक्यानं घट्ट बांधा. तशाच जाळा.